रॉक स्टेप, ट्रिपल स्टेप आणि फुगडी

“तू? आणि डान्स?”

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या नोटीसखाली मी नाव लिहिलं, तेव्हा आमच्या विंगमधल्या झाडून सगळ्यांनी हा एकच प्रश्न विचारला. प्रश्नात तसं चुकीचं काही नव्हतं. मी मेकॅनिकलचा, वजन ब्याऐंशी किलो, आणि आजवर गणपतीच्या मिरवणुकीत सगळे नाचत असताना ट्रॅक्टरमागे जनरेटर सांभाळणारा माणूस. नाचता येत नाही हे लपवायला जनरेटरसारखी जागा नाही. कुणी ओढायला आलं की म्हणायचं, “अरे, डिझेल बघतोय.”

या सगळ्याला कारणीभूत माझा रूम पार्टनर. (त्याचं नाव देत नाही, ती त्याची अट आहे. लेखात त्याला नुसतं ‘पार्टनर’ म्हणतो, आणि पुढे कळेलच की हा शब्द किती फिट बसतो ते.) सिव्हिलचा, चोपन्न किलो, मेसमध्ये चार चपात्या खाऊनही चोपन्न किलोच. पीएलमध्ये एका रात्री अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून त्याने लॅपटॉपवर ‘अलबेला’ लावला. त्याच्या आजोबांचा आवडता पिक्चर. १९५१ सालचा, ब्लॅक अँड व्हाइट. मी म्हटलं झोपू दे बाबा. पण भगवानदादा पडद्यावर आले आणि मी उठून बसलो.

भगवानदादांना आपण ओळखतो ते मिरवणुकीतल्या त्या स्टेपमुळे. हात अर्धवट वर, गुडघे किंचित वाकलेले, पाय जागच्या जागी सरकतात आणि चेहऱ्यावर ‘मला काय त्याचं’ असा भाव. माणूस गिरणी कामगाराचा मुलगा, पैलवानी अंगाचा, नाव भगवान आबाजी पालव. हिरोसारखं काहीच नाही. पण पायात ताल असा, की बघणाऱ्याला वाटावं हे तर मलाही जमेल! सिनेमातले पैसे पुढे सिनेमातच गेले, जुहूचा बंगला आणि गाड्या विकून शेवटी हा माणूस दादरच्या चाळीत राहिला आणि २००२ साली गेला. त्यांची स्टेप मात्र दरवर्षी अनंत चतुर्दशीला गावोगाव निघते.

त्या पिक्चरचं संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांनी हिंदी गाण्यांत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवले ते थेट स्विंगचे. मुंबईत हे संगीत आधीच रुजलं होतं. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा जाझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि पाठोपाठ गोव्याचे वादक त्यात तयार झाले. त्यातलेच एक हळदोण्याचे चिक चॉकलेट. ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. हे सगळं पार्टनरने मला रात्री दोन वाजता सांगितलं. सकाळी एम-थ्री होता. एम-थ्रीचं काय झालं ते विचारू नका.

आणि मग त्याने तो दुसरा व्हिडिओ लावला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला लिंडी हॉप. स्विंग डान्समधला हा सगळ्यात गाजलेला प्रकार, १९२०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कृष्णवर्णीय तरुण पोरांनी घडवलेला. सॅव्हॉय बॉलरूम नावाचा त्यांचा अड्डा १९२६ ते १९५८ चालला. त्या काळात अमेरिकेत काळे-गोरे एका फ्लोअरवर नाचतील अशा जागा फार कमी होत्या, सॅव्हॉय त्यातली एक. तिथला फ्रँकी मॅनिंग. त्याने १९३५मध्ये पार्टनरला पाठीवरून उलटी फिरवून ताल न चुकवता जमिनीवर आणलं आणि लिंडी हॉपमध्ये हवेतल्या स्टेप्स सुरू झाल्या. स्विंगचे दिवस गेल्यावर हाच माणूस पोस्टात नोकरीला लागला आणि म्हातारपणी पुन्हा जगभर शिकवत फिरला.

“गॅदरिंगला हे करायचं,” पार्टनर म्हणाला.

“कुणाबरोबर?”

मुलींच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद. आमची प्रॅक्टिस मेस झाल्यावर, म्हणजे नऊनंतर. तेव्हा मंडळी, प्रश्न आपोआप सुटला. तो हलका, म्हणून तो फॉलोअर आणि मी लीडर.

डिसेंबरात हॉस्टेलच्या टेरेसवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत आमचं शिक्षण सुरू झालं. मोबाईलवर व्हिडिओ, कानटोपी, आणि खाली तिसऱ्या मजल्यावरून शिव्या. पहिला धडा रॉक स्टेप. एक पाय मागे टाकायचा, वजन त्याच्यावर झुलवायचं आणि लगेच पुढच्या पायावर परत यायचं. लिहायला सोपं. मी पाय इतका मागे टाकायचो की परत यायला ॲप्लिकेशन द्यावं लागेल. तीन दिवसांनी कळलं की पाऊल वीतभरच मागे जायला हवं, टाच टेकवायची नाही, गुडघा ताठ ठेवायचा नाही. दुसरा धडा ट्रिपल स्टेप. दोन ठोक्यांत तीन पावलं, तीही समान नाहीत, पहिलं जरा लांबलेलं, मधलं घाईत टाकलेलं. सगळी स्विंगची गंमत त्या असमान वाटणीत आहे. समान केलं की पीटीच्या तासाची कवायत होते.

बेसिकचे आकडे सहा: रॉक स्टेप, ट्रिपल स्टेप, ट्रिपल स्टेप. गाणं मात्र आठाआठाच्या हिशोबाने चालतं. त्यामुळे आम्ही दर वेळी गाण्याच्या वेगळ्याच ठिकाणी येऊन पोचायचो आणि वाटायचं, चुकलो. पार्टनरने वहीच्या मागे मांडून दाखवलं, सहा आणि आठाचा लसावि चोवीस, म्हणजे चार बेसिक झाले की आपण आणि गाणं पुन्हा एका जागी. इंजिनिअरिंगचा आम्हाला आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग. पुढे आठ आकड्यांचा स्विंगआऊट शिकलो तेव्हा उलट सोपं वाटलं, कारण आठ आकडे शाळेत लेझीममध्ये घोटलेले होते.

एकदा रेक्टर सर टॉर्च घेऊन वर आले. एक जाडा पोरगा एका बारक्या पोराचा हात धरून त्याला गरागरा फिरवतोय, हे बघून ते जिन्यातूनच ओरडले, “रॅगिंग चालू आहे का रे?” त्यांना आम्ही पूर्ण बेसिक करून दाखवलं. सर दोन मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले, “दहाला बंद करा.”

एकट्याच्या स्टेप्स येईपर्यंत सगळं मजेत होतं. खरं अवघड पुढे सुरू होतं. जोडीच्या नाचात लीडरने हात ओढून पार्टनरला कुठे जायचं ते सांगायचं नसतं. सांगायचं अंगाने. मी माझं वजन मागे नेलं की ते हातातून त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. त्यासाठी हातात जीव लागतो, फार ताठ ठेवला तर धक्का बसतो, फार सैल सोडला तर काहीच पोचत नाही. मी दोन्ही टोकांना होतो. आधी ओढायचो, मग तो चिडला की लोंबकळता हात द्यायचो. “मला ओढू नको, सांग!” हे त्याचं वाक्य विंगमध्ये फेमस झालं. कुणी मीठ मागितलं तरी मेसमध्ये पोरं तेच म्हणायची.

आणि स्विंगआऊट. दोघं जवळ येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि तो सुटून हाताच्या लांबीपर्यंत दूर जातो. त्या शेवटच्या टोकाला दोघंही किंचित मागे झुकलेले असतात, मध्ये फक्त बोटांची पकड. आख्खा लिंडी हॉप त्या एका ताणावर उभा आहे. तिथे दोघांपैकी कुणीही एकटा उभा राहू शकत नाही आणि दोघं मिळून आरामात राहतात.

गॅदरिंगला चार आठवडे होते. जानेवारीची रात्र, थंडी मरणाची. आम्ही गाण्याचा वेग वाढवला होता. पाचवा की सहावा स्विंगआऊट, तो टोकाला गेला, मागे झुकला, त्याचा सगळा ताण माझ्या हातात आला आणि मला वाटलं, मी पुढे तोंडावर पडतोय. पुढच्या क्षणी तो टाकीच्या ओट्याशी पडलेला होता, उजवा हात अंगाखाली.

मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

“घामाने हात निसटला,” मी सगळ्यांना सांगितलं. दवाखान्यात सांगितलं, रेक्टर सरांना सांगितलं, त्याच्या वडिलांना फोनवर सांगितलं. पार्टनर तिथेच बसला होता. तो काही बोलला नाही.

हात निसटला नव्हता. मी सोडला होता. पडू नये म्हणून मी बोटं उघडली. मला ती उघडताना कळलं होतं.

पुढचे दीड महिने मी आदर्श मित्र होतो. त्याची जर्नल्स लिहिली. त्याच्या बिल्डिंग ड्रॉइंगच्या शीट्स काच आणि बल्ब लावून रात्रभर जीटी मारल्या. (सर, वाचत असाल तर माफ करा. जिन्याच्या पायऱ्या मोजून मात्र मी स्वतः काढल्या होत्या.) सकाळी त्याच्या ब्रशवर पेस्ट लावून द्यायचो. पोरं म्हणायची, दोस्ती असावी तर अशी. हे ऐकलं की मी मेसमधून उठून जायचो. गॅदरिंग झालं, आम्ही प्रेक्षकांत होतो. प्लास्टर निघालं. टेरेसचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

एप्रिलमध्ये घरी गेलो. आमचं गाव तेरच्या शेजारी. चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांची यात्रा असते आणि यात्रेला आजीकडे गेलं नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन पायांनी चिखल तुडवत होते आणि रांगत आलेलं स्वतःचं लेकरू पायाखाली आलं ते कळलंच नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. या वर्षी कीर्तनात ती आली तेव्हा मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर आलो. काकांना निदान कळलं नव्हतं!

रात्री अंगणात आजीला सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, बहुतेक तिला स्विंगआऊट म्हणजे काय ते कळणार नाही म्हणून. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “हात दे.”

फुगडी! आजी सत्तरीची, चाळीस-बेचाळीस किलोची. म्हटलं, “आजी, पडशील.”

“आरं, दे म्हणते ना.”

हात आडवे-उभे, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. पायाचे अंगठे एकमेकांना भिडवलेले. ती मागे झुकली. मी ताठ. ती थांबली.

“तू सोताला धरून ठिवलंयस लेकरा. मला कुठं धरलंयस?”

मग तिने मला शिकवलं, आणि काय सांगू, कुठल्याही व्हिडिओपेक्षा बरं शिकवलं. आधी फिरायचं नाही. नुसतं उभं राहून दोघांनी मागे झुकायचं, बादलीवर बसतो तसं, हळूहळू, समोरच्याच्या वजनाचा अंदाज घेत. मुठीने आवळायचं नाही, बोटांचे आकडे करून एकमेकांत अडकवायचे, कारण आवळलेली मूठ घाबरली की उघडते. नजर पायाकडे नाही, तोंडाकडे. मग पावलं लहान, जागच्या जागी. वेग दोघांचा एक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबणं. “फुगडी सोडायची नसती, थांबवायची असती.” वेग कमी करत करत दोघांनी बरोबर सरळ व्हायचं. तिने तिच्या वेळच्या पंचमीच्या गोष्टी सांगितल्या, बसफुगडी, एका हाताची फुगडी, कोण कशी पडली आणि कुणामुळे पडली हेही. साठ वर्षांपूर्वी कुणी हात सोडला ते तिला नावासकट आठवत होतं.

हॉस्टेलवर परत येऊन मी एका रात्री हिशोब केला. मी ८२, पार्टनर ५४. दोघं एकाच मध्याभोवती फिरतात, आणि तो मध्य आमच्या बरोबर मधोमध नसतो, जड माणसाकडे सरकलेला असतो. दोघांच्या गुरुत्वमध्यांत १.२ मीटर अंतर धरलं तर मी मध्यापासून साधारण ४८ सेंटिमीटर, तो ७२. म्हणजे मोठं वर्तुळ हलक्याच्या वाट्याला, वेगही त्यालाच जास्त, आणि सुटलं तर लांब जाऊन पडणारही तोच. पायाचं घर्षण सोडून दिलं आणि दोन सेकंदांत एक गिरकी धरली, तर हातांवरचा ताण सुमारे ३८५ न्यूटन, म्हणजे ३९ किलोचं पोतं. सेकंदाला एक गिरकी केली तर चौपट. पण मी अडकलो ते वेगळ्याच ओळीवर. हा ताण दोघांच्या हातांत अगदी सारखा असतो. वजन काहीही असो. जितकं मला वाटत होतं की तो मला ओढतोय, तितकंच मी त्याला ओढत होतो. न्यूटनचा तिसरा नियम, आठवीत पाठ केलेला.

जुलैमध्ये शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना धाराशिवला आली. इथून ती तुळजापूरकडे जाते. लेक्चर बुडवून (हेही माफ करा) आम्ही दोघं दर्शनाला गेलो. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर पावली खेळत होत्या, टाळाच्या ठेक्यावर पुढे, मागे, पुन्हा पुढे. पार्टनर माझ्या कानात पुटपुटला, “बघ, वजन कसं बदलतायत. रॉक स्टेपच की!” सहा महिन्यांत पहिल्यांदा तो नाचाबद्दल बोलला.

विसाव्याला दोन वारकरी फुगडी खेळले. एक चांगला धिप्पाड, दुसरा वाळका म्हातारा, टोपी एका हाताने सावरून मग दुसरा हात देणारा. जड माणूस जवळजवळ जागच्या जागी फिरत होता आणि म्हातारा बाहेरून मोठ्या चकरा मारत होता. माझा हिशोब बरोबर होता. थांबले तसे दोघं एकमेकांच्या पाया पडले.

मी पार्टनरला म्हटलं, “त्या रात्री हात निसटला नव्हता.”

“माहितेय,” तो म्हणाला. “जानेवारीत घाम कुणाला येतो?”

“मग बोलला का नाहीस?”

“तू शीट्स चांगल्या काढत होतास.”

आणि हसला. मग थोडा वेळ हसला नाही. म्हणाला की मनगट दुखलं त्याचं फार वाटलं नाही, पण प्लास्टरच्या दिवसांत रोज रात्री वाटायचं की आज हा सांगेल. मग त्याने दोन्ही हात पुढे केले. उजवं मनगट अजून जरा बारीक दिसत होतं. मी त्याला आधी बोटांचे आकडे करायला शिकवले. अंगठ्याला अंगठे भिडवले. फिरलो नाही, नुसतं मागे झुकून उभं राहिलो. बाजूचा एक वारकरी म्हणाला, “फिरा की माउली, लाजता काय?” मग फिरलो. मी घाबरलो, पुढे तोंडावर पडतोय असं परत वाटलं, अगदी तसंच. बोटं तशीच अडकवून ठेवली. वेग कमी केला. दोघं बरोबर सरळ झालो.

या वर्षीच्या गॅदरिंगला आमचा आयटम झाला. तीन मिनिटांचा, ‘अलबेला’च्याच गाण्यावर. सुरुवातीला भगवानदादांची स्टेप, मग बेसिक, मग चार स्विंगआऊट, आणि शेवटी ट्रम्पेटच्या तुकड्यावर फुगडी. ती बसवताना वेगाची भीती वाटली म्हणून दोन सेकंदांना एकच गिरकी ठेवली होती, पण स्टेजवर पोरांच्या शिट्ट्यांनी ती बरीच वाढली, किती ते मोजायला कुणी नव्हतं. नंबर आला नाही. परीक्षकांचं म्हणणं पडलं की थीम कळली नाही. आजीला व्हिडिओ पाठवला. तिचं म्हणणं, पोरगं बरं फिरतंय, तू अजून थोडा मागं झुक.

आता टेरेसवर रविवारी संध्याकाळी फर्स्ट इयरची सहा-सात पोरं येतात. किल्ली रेक्टर सरांकडून सही करून घ्यावी लागते. पहिल्या दिवशी आम्ही गाणं लावत नाही. समोरासमोर उभं करतो, बोटांचे आकडे शिकवतो आणि नुसतं मागे झुकायला लावतो. यायचं असेल तर या. चष्मा आणि मोबाईल आधी टाकीवर काढून ठेवायचा, आणि टाकीच्या ओट्यापासून चार पावलं लांब उभं राहायचं.